तळमजल्याचा दावा

जयराम कांडेकरांनी नाशिकच्या जेल रोडला घर बांधलं तेव्हा ते मनमाडला रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होते. फंडातून उचल काढली, सायखेड्याच्या वाटणीत आलेला जमिनीचा तुकडा विकला आणि दोन मजले उभे केले. वर आपण राहायचं, खाली भाडेकरू ठेवायचा. वरच का, तर कुसाबाईंना गच्ची हवी होती. पापड-कुरडया घालायला, उन्हाळ्यात निजायला. जिना बाहेरून होता, अरुंद, मध्ये एक वळण, सतरा पायऱ्या. तेव्हा जयराम पंचेचाळीसचे होते आणि सायकल खांद्यावर टाकून वर न्यायचे.

खाली एकोणऐंशी साली धनराज सोनवणे राहायला आले. सटाण्याकडचे, पाटबंधारे खात्यात कारकून. बायको आशा तेव्हा पोटुशी होती. तृप्ती त्याच घरात जन्मली. तिला पहिलं न्हाऊ-माखू घातलं ते कुसाबाईंनी, कारण आशाची आई आजारी होती आणि सासू सटाण्याहून यायला तयार नव्हती. तृप्ती बोलायला लागली तेव्हा वरच्यांना अक्का आणि नाना म्हणू लागली. मग सगळी गल्लीच त्यांना अक्का-नाना म्हणू लागली.

नाना रोज पॅसेंजरने मनमाडला जायचे आणि संध्याकाळी परत यायचे. पुढे पुढे स्टेशनातून चालत आले की ते लगेच वर जात नसत. तिसऱ्या पायरीवर बसत, डबा शेजारी ठेवत, गुडघे चोळत. तृप्ती वही घेऊन पळत यायची. तिची सगळी शाळेची गणितं त्या तिसऱ्या पायरीवर झाली. नाना सातवी शिकलेले, पण आकड्यांना पक्के. "उत्तर नको सांगू, रीत सांग," म्हणायचे. गणितं संपेपर्यंत गुडघ्यांची कळ थोडी कमी व्हायची. मग कठडा धरून ते चढायला लागायचे आणि तृप्ती त्यांचा डबा घेऊन मागे.

निवृत्तीनंतर गुडघे पारच गेले. त्र्याण्णव साली डॉक्टरांनी सांगितलं, जिना बंद करा. त्याच आठवड्यात नाना खाली आले, सोनवण्यांच्या खुर्चीवर बसले आणि चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, "धनराज, मला आता खालची जागा लागेल. घाई नाही. वर्ष घे. दुसरीकडे बघ."

"बघतो ना नाना," धनराज म्हणाले.

त्यांनी पाहिलंही. पण त्यांच्या खात्याच्या सोसायटीत नाव घातलं होतं, ती सोसायटी कागदावरून जमिनीवर येत नव्हती. बाहेर भाडं चौपट. वर्ष गेलं, दुसरं गेलं. नाना विचारायचे तेव्हा धनराज म्हणायचे, "बघतोय." मग नानांनी विचारणं सोडलं आणि त्यांचा मुलगा ललित विचारायला लागला. ललित जमिनीच्या दलालीत होता, मोटरसायकलवर फिरायचा. त्याच्या विचारण्याची तऱ्हा वेगळी होती. एकदा तो दारात उभा राहून आशाला म्हणाला, "काकू, पाहुण्याने किती दिवस राहावं याला काही मर्यादा असते."

आशाने ते संध्याकाळी सांगितलं. धनराज एरवी शांत माणूस, पण चिडले की त्यांच्या तोंडी घरची अहिराणी यायची. "पाहुणा? सोळा वरीस व्हयनात! हाई घर मन्हं शे!" सोळा वर्षं झाली, हे घर माझं आहे, असं ते एवढ्या मोठ्याने ओरडले की वरती ऐकू गेलं असणार. पंच्याण्णवच्या दिवाळीनंतर नोटीस आली आणि मग दावा लागला. वादी जयराम कांडेकर, प्रतिवादी धनराज सोनवणे. स्वतःच्या निकडीसाठी जागा हवी.

धनराजांनी गांगुर्डे वकील केले. गांगुर्ड्यांनी कागद वाचले आणि एकच प्रश्न विचारला. "पोरगा काय करतो म्हणालात? दलाली? मग गुडघ्याचं सोंग आहे. तुम्हाला काढायचं, घर बिल्डरला द्यायचं. लिहून ठेवा."

हे धनराजांना इतकं पटलं की त्यांनी दुसरं काही मनात येऊच दिलं नाही. आणि ललित तसं बोलायचाही. जेल रोडच्या चहाच्या टपरीवर तो कोणाला तरी म्हणाला होता, की ही जागा मोकळी झाली तर सोनं आहे. ते खरंच होतं. नानांचे गुडघेही खरे होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, एवढं मान्य करायला त्या घरात कोणी तयार नव्हतं.

सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये तृप्तीची बारावीची परीक्षा चालू असताना ललितने गच्चीच्या टाकीतून खाली येणारा पाइप बंद केला. अकरा दिवस. आशा शेजारून कळशा आणायची. चौथ्या दिवशी पहाटे दार उघडलं तर उंबऱ्याशी भरलेल्या दोन बादल्या होत्या. जिन्यावर पाणी सांडलेलं होतं. अक्का ललितच्या नकळत खाली आणून ठेवत होती. आशाने त्या बादल्या घेतल्या. धनराजांनी पाहिलं, दोन्ही उचलल्या आणि गटारीत ओतल्या.

"तिने काय केलं होतं हो?" आशा म्हणाली.

"तिने पोरगा वाढवला," धनराज म्हणाले.

त्याच वर्षी पावसाळा संपता संपता त्यांचं प्रकरण लोकअदालतीत लागलं. एक निवृत्त न्यायाधीश आणि एक समाजकार्यकर्त्या बाई पंच होत्या. म्हाताऱ्या न्यायाधीशांनी दोन्ही बाजू ऐकल्या, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "वरचं आणि खालचं, दोन्ही सारखंच बांधकाम आहे ना?"

"हो," ललित म्हणाला.

"मग अदलाबदल करा की. ह्यांनी खाली यावं, ह्यांनी वर जावं. आणखी काय हवं?"

तृप्ती आईशेजारी बसली होती. तिला वाटलं, संपलं. इतकं सोपं होतं. सतरा पायऱ्यांचा प्रश्न होता आणि सतरा पायऱ्यांतच त्याचं उत्तर होतं.

ललित म्हणाला, "चालेल, पण नवा करार. अकरा महिन्यांचा."

"ललित, गप बस," नाना म्हणाले. काठीवर दोन्ही हात ठेवून ते वाकून बसले होते. "दावा माझा आहे. साहेब, मी लिहून देतो. आहे तेच भाडं, आहे तोच हक्क, फक्त वरती. माझ्या मागेसुद्धा याने त्यांना उठवायचं नाही, असंही लिहा. मला खाली येऊ द्या, बस्स."

ललित उठून बाहेर गेला. न्यायाधीशांनी धनराजांकडे पाहिलं. धनराजांनी गांगुर्ड्यांकडे पाहिलं. गांगुर्डे म्हणाले, "साहेब, पाच मिनिटं द्या."

व्हरांड्यात गांगुर्ड्यांनी धनराजांच्या खांद्यावर हात ठेवला. "समजतंय का काय झालं ते? म्हातारा एवढं द्यायला तयार आहे म्हणजे दाव्यात दम नाही, हे त्यांच्या वकिलाने त्यांना सांगितलंय. आणि एकदा तळमजला सोडलात की तुमचा सतरा-अठरा वर्षांचा कब्जा गेला. उद्या म्हातारा नसेल तेव्हा त्या कागदाला ललित काय किंमत देईल? पुन्हा दहा वर्षं कोर्टात."

"पण पप्पा, नाना लिहून देतायत," तृप्ती म्हणाली.

"पाणी तोडलं तेव्हा काय लिहून दिलं होतं?" धनराज म्हणाले.

आत जाऊन त्यांनी सांगितलं, की तडजोड मान्य नाही. न्यायाधीशांनी चष्मा खाली घेतला आणि पुढची फाइल मागितली. नाना बराच वेळ उठले नाहीत. त्यांना ऐकू आलं नसावं असं समजून कार्यकर्त्या बाईंनी पुन्हा सांगितलं, "आजोबा, नाही जमलं."

प्रकरण परत कोर्टात आलं आणि नव्याण्णव साली पुरावा सुरू झाला. डॉक्टरांचा दाखला होता, पण डॉक्टर साक्षीला आलेच नाहीत. बदली होऊन गेलेले. गांगुर्ड्यांना आता एकच साक्षीदार हवा होता. नाना जिना आरामात चढतात, असं सांगणारा. धनराज स्वतः प्रतिवादी, त्यांच्या बोलण्याला वजन कमी. शेजारी कोणी येईना. सगळे अक्काच्या हातचं खाल्लेले.

"तुमची मुलगी कॉलेजात आहे ना?" गांगुर्डे म्हणाले. "घरातली, रोज बघणारी. शिकलेली. बोलेलही नीट."

तृप्ती तेव्हा वीस वर्षांची होती, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. ती नाही म्हणाली. धनराज रागावले नाहीत, हेच वाईट झालं. ते रात्री जेवले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी आशा तिच्याजवळ येऊन बसली. "आपण इथून कुठे जायचं, तूच सांग," एवढंच म्हणाली. "तुझं लग्न व्हायचंय. तुझ्या पप्पांना या वयात कोण दारात उभं करेल?"

"नानांना जिना चढवत नाही आई. तुला माहितीये."

"माहितीये," आशा म्हणाली. "मला सगळं माहितीये."

साक्षीच्या दिवशी कोर्टाच्या आवारात तृप्तीने नानांना पाहिलं. न्यायालयाची खोली पहिल्या मजल्यावर होती. ललित एका बाजूने आणि रिक्षावाला दुसऱ्या बाजूने, दोघांनी काखेत हात घालून त्यांना वर आणलं. प्रत्येक पायरीला नाना थांबत होते. तिने ते पूर्ण पाहिलं, पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत. मग अर्ध्या तासाने तिचं नाव पुकारलं गेलं आणि तिने ईश्वरसाक्ष खरं सांगण्याची शपथ घेतली.

गांगुर्ड्यांचे प्रश्न ठरलेले होते. वादी रोज खाली येतात का? येतात. किती वेळा? चार-पाच वेळा. कोणाच्या आधाराने? नाही, एकटेच. ती स्पष्ट, सावकाश बोलली. टंकलेखकाला तिला एकदाही थांबवावं लागलं नाही.

मग नानांचे वकील उलटतपासणीला उठले. वयस्कर, सौम्य गृहस्थ होते.

"वादींनी तुम्हाला लहानपणी गणित शिकवलं, हे खरं आहे?"

"हो."

"कुठे बसून शिकवायचे?"

"जिन्यावर. तिसऱ्या पायरीवर."

"घरात का नाही? जिन्यावरच का?"

तृप्तीने मागच्या बाकाकडे पाहिलं. नाना तिच्याकडेच पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. शाळेत असताना ती वहीत गणित मांडायची, तेव्हा ते जसे थांबून राहायचे, तसे थांबले होते. उत्तर काय येतं ते बघत.

"तिथे उजेड चांगला असायचा म्हणून," ती म्हणाली.

"त्यांना एका दमात वर जाता येत नसे, गुडघे दुखत, म्हणून ते तिथे बसत, असं मी म्हणतो. खरं की खोटं?"

"खोटं आहे."

वकिलांनी आणखी विचारलं नाही. कामकाज झाल्यावर सोनवणे मंडळी निघाली तर जिन्यात पुढे नाना होते, ललितच्या आधाराने उतरणारे. जिना त्यांच्यामुळे अडलेला. गांगुर्डे हळूच म्हणाले, "कडेने निघा." पण कडेने जागा नव्हती. मग ती तिघं वरच्या पायरीवर उभी राहिली आणि म्हातारा माणूस खाली पोहोचेपर्यंत वाट बघत राहिली. एकेक पायरी, आधी उजवा पाय, मग डावा त्याच पायरीवर. मागून येणाऱ्या एका पक्षकाराने विचारलं, "काय खोळंबा आहे?"

दोन हजार साली निकाल लागला. दावा फेटाळला. निकालपत्रात लिहिलं होतं, की प्रतिवादीची मुलगी सुशिक्षित असून वादीशी तिचं वैर नाही, उलट लहानपणापासून स्नेह आहे, तेव्हा तिच्या साक्षीवर अविश्वास ठेवण्यास कारण दिसत नाही. धनराजांनी पेढे आणले. आशाने ते देवापुढे ठेवले आणि मग तिथेच राहू दिले, मुंग्या लागेपर्यंत.

ललितने अपील केलं. ते जिल्हा न्यायालयात पडून राहिलं. वरती नाना खाली यायचे बंद झाले. महिन्यातून एकदा दवाखान्यात न्यायचं तेव्हा लाकडी खुर्चीत बसवून चार जण उतरवायचे. वळणावर खुर्ची अडायची, तिरकी करावी लागायची, तेव्हा नाना दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरायचे. तो सगळा आवाज खालच्या घरात यायचा. धनराज अशा वेळी रेडिओ लावायचे.

दोन हजार दोनमध्ये तृप्तीचं लग्न झालं, घोटीला. मुलगा शिक्षक. मांडव दारातच होता. पत्रिका द्यायला आशा एकटी वर गेली. अक्काने पत्रिका घेतली, देवाजवळ ठेवली आणि म्हणाली, "पोरीला सुखाचा संसार लाभो." लग्नाला मात्र कोणी आलं नाही. हळदीच्या वेळी तृप्तीने वर पाहिलं तर खिडकी लावलेली होती.

पुढच्या वर्षी श्रावणात, तृप्ती माहेरी आलेली असताना, नाना पहाटे झोपेतच गेले. अक्काचा आवाज आला आणि आशा अनवाणी वर धावली. पत्रिकेचा एक दिवस सोडला तर आठ वर्षांत वर गेलेली ती पहिल्यांदाच. सायखेड्याहून माणसं आली. तिरडी वर नेता येणार नव्हती, वळणावर अडली असती. शेवटी नानांना त्याच लाकडी खुर्चीत बसवून, धोतराने बांधून खाली आणलं. बाहेर पाऊस होता. दारापुढे चिखल. तिरडी बांधून होईपर्यंत, अंघोळ घालेपर्यंत त्यांना कुठे ठेवायचं, हे कोणाला सुचेना. माणसं खुर्ची हातात धरून उभी होती.

आशाने पुढच्या खोलीचं दार सताड उघडलं. "आत घ्या. जमीन पुसलीय. आत घ्या त्यांना."

धनराज तिच्यामागे उभे होते. तेही म्हणाले, "आत घ्या ललित. पाऊस आहे."

ललितने त्यांच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे सुजलेले होते. "नको," तो म्हणाला. "ती जागा तुमची आहे. कोर्टाने सांगितलंय."

"ललित, असं नको रे," आशा म्हणाली.

"त्यांना दहा वर्षं खाली यायचं होतं. जिवंतपणी. आता त्यांना गरज नाही."

कोणीतरी शेजारून ताडपत्री आणली. चौघांनी चार टोकं धरली आणि तिच्याखाली, चिखलात फळी टाकून, नानांना अंघोळ घातली. सोनवण्यांचं दार उघडंच होतं. आतली कोरडी, पुसलेली फरशी सगळ्यांना दिसत होती. तृप्ती उंबऱ्याच्या आत उभी होती आणि तिला ना बाहेर पाऊल टाकता येत होतं ना दार लावता येत होतं.

दहाव्यानंतर अक्का सायखेड्याला पुतण्याकडे गेली, ती परत आली नाही. अपील ललितने काढून घेतलं आणि दोन हजार पाचमध्ये घर बिल्डरला दिलं. बिल्डरने धनराजांशी बोलणी केली. दोन वर्षांनी नव्या इमारतीत त्यांना मालकीचा फ्लॅट मिळाला. तृप्ती पाहायला आली तेव्हा धनराजांनी तिला सगळ्या खोल्या दाखवल्या, नळ सोडून दाखवले.

"बघ," ते म्हणाले, "मी म्हणत नव्हतो? लल्याला विकायचंच होतं."

"नाना गेल्यावर विकलं पप्पा."

"तेच ते."

"तेच ते नाही," तृप्ती म्हणाली. आशा स्वयंपाकघरात होती. तिने भांडं जरा जोरात ठेवलं. धनराजांनी नळ बंद केला आणि ते बराच वेळ बाल्कनीत जाऊन उभे राहिले.

त्या उन्हाळ्यात तृप्ती एकटीच सायखेड्याला गेली. अक्का ओट्यावर लसूण सोलत बसली होती. नजर अधू झाली होती, पण आवाजावरून ओळखलं. "कोन, तृप्ती? बस. पोरं काय म्हन्त्यात?" चहा झाला. गोदावरीला पाणी कमी आहे, कांद्याला भाव नाही, अशा गोष्टी झाल्या. मग तृप्ती म्हणाली, "अक्का, मी त्या दिवशी कोर्टात खोटं बोलले."

अक्काचे हात थांबले नाहीत. "ठाऊक हाय."

"मला सांगायचं होतं तुम्हाला."

"मला कशापायी सांगती? मला ठाऊक व्हतं, त्येंला ठाऊक व्हतं, तुझ्या आईला ठाऊक व्हतं. नाय ठाऊक ते त्या जज्जाला. जिथं बोलली तिथं जाऊन सांग."

"अक्का..."

"लय लाडाची व्हती तू त्येंची," अक्का म्हणाली. "त्या दिवशी घरी आले, दोन घास खाल्ले. म्हन्ले, पोरगी आवाज चढवत नाय, नीट बोलती. मी म्हन्ले, काय बोल्ली? तर सांगितलं नाय. मला ललितने सांगितलं." तिने सोललेल्या पाकळ्या वाटीत टाकल्या. "जा आता. उन्हं उतरायच्या आधी बस हाय."

तृप्ती खरोखरच गेली. दुसऱ्या आठवड्यात ती नाशिकला गांगुर्ड्यांच्या कचेरीत जाऊन बसली. ते आता थकले होते, पण खुर्ची तीच होती. तिने सगळं सांगितलं आणि विचारलं, की आता काही करता येतं का.

गांगुर्डे आधी हसले, मग तिचा चेहरा बघून गंभीर झाले. "अहो ताई, अपील काढून घेतलं, मिळकत विकली, वादी वारले. ज्या साहेबांपुढे साक्ष झाली ते निवृत्त झाले. फाइल रेकॉर्डला गेली. कोणाला सांगणार?"

"कोणालाच नाही?"

"कोर्टाला खऱ्या-खोट्याची गरज निकालापुरती असते. निकाल लागला की त्याची कोणाला अडचण नसते." त्यांनी घंटी वाजवून चहा सांगितला. "आणि मनाला लावून घेऊ नका. एक सांगू? तीस वर्षं वकिली केली, पण तुमच्यासारखी साक्ष पाहिली नाही. उजेड चांगला असायचा म्हणून! मी सांगितलं नव्हतं तुम्हाला ते. ते तुमचं होतं."

चहा येईपर्यंत ती थांबली नाही. बाहेर कोर्टाजवळच्या सीबीएस बसस्टँडवर घोटीची गाडी लागलेली होती. तिने तिकीट काढलं आणि खिडकीशी बसली. शेजारच्या बाईने विचारलं, कोर्टात काम होतं का. तृप्ती म्हणाली, "नाही. काही नव्हतं."